‘विल बी’ आलं की थांबायचं: पैशाचं इंग्रजी वाचायला शिकताना

“अक्का, हे काय म्हणायलंय बघा की.”

दिवसातून आठ-दहा वेळा हे वाक्य कानावर येतं आणि पाठोपाठ एक मोबाइल नाकासमोर. मी पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, दारोदार फिरून गोळा करते, एकोणीस वर्षं झाली. सोलापुरातला कन्ना चौक, साखर पेठ, जोडभावी पेठ, अशोक चौक हा माझा रोजचा पट्टा. चहाचे गाडे, शिलाईवाले, चार मागांचे कारखानदार, शेंगा चटणी कुटून विकणाऱ्या बायका आणि घरी बिड्या वळणाऱ्या मावश्या. कुणी पन्नास देतं, कुणी दोनशे. मशीनमधून पावती फाडून देईपर्यंत मोबाइल पुढं आलेला असतो.

ही माणसं अडाणी नाहीत. पोरांच्या पुस्तकांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं जुळवून वाचतात. घरी तेलुगू, बाजारात मराठी, अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं तर कन्नड. तीन भाषांत घासाघीस करणारा माणूस बँकेच्या दोन ओळींच्या मेसेजपुढं का अडतो, याचा मी बराच विचार केला. माझं निरीक्षण असं, की अनोळखी शब्दानं कुणाचं फारसं बिघडत नाही. तो आला की माणूस विचारतो. घात करतो तो ओळखीचा वाटणारा शब्द. म्हणून मी शिकवताना शब्दांची यादी पाठ करून घेत नाही, फसवे शब्द आधी दाखवते. तसंच इथं लिहितेय.

आमच्या धंद्याचंच नाव घ्या. पिग्मी म्हणजे बुटका. १९२८ साली सिंडिकेट बँकेनं रोज अगदी दोन आण्यांपासून घरी येऊन पैसे नेण्याची योजना काढली आणि तिला हे नाव दिलं. ती बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली, पण नाव सोलापूरच्या गल्लीबोळात राहिलं. लोकांना वाटतं पिग्मी हा मराठीच शब्द आहे.

आता कामाला लागू. मोबाइलवरचा मेसेज घ्या. आधी रक्कम बघू नका, क्रियापद बघा. दोन शब्द सगळ्यांना माहीत असतात, डेबिट आणि क्रेडिट, तरी गोंधळ होतो. मी सांगते, ‘ड’ म्हणजे दिले, ‘क’ म्हणजे कमावले. डेबिट झालं तर खात्यातून गेले, क्रेडिट झालं तर खात्यात आले. पासबुकात हेच डीआर आणि सीआर असं छोटं लिहिलेलं असतं. एवढं बसलं की पुढचा टप्पा म्हणजे त्या शब्दाच्या आधी काय आहे ते. ‘हॅज बीन डेबिटेड’ म्हणजे पैसे गेले, विषय संपला. ‘विल बी डेबिटेड’ म्हणजे अजून जायचेत, पुढं तारीख दिली आहे, तोपर्यंत खात्यात तेवढे ठेवा. बहुतेकांचा दंड इथंच बसतो. ‘डेबिटेड’ दिसलं की गडी म्हणतो, कापले वाटतं, आणि उरलेले काढून मोकळा होतो. पाच तारखेला हप्ता परत जातो, बँक वेगळा दंड लावते, कर्ज देणारा वेगळा. त्या दंडाच्या मेसेजात ‘इनसफिशियंट’ हा लांबलचक शब्द असतो. त्याचा अर्थ एवढाच, की पैसे कमी पडले.

तिसरी जात ‘हॅज रिक्वेस्टेड’ची. कुणीतरी तुमच्याकडं पैसे मागतंय. ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका माणसानं दुसऱ्याला अशी मागणी पाठवणं बंद झालंय, दुकानांची-कंपन्यांची मागणी अजून येते. त्याआधी जुनं कपाट विकायला काढलेल्या माणसाला समोरचा अशी मागणी पाठवून म्हणायचा, पैसे पाठवतोय, पिन टाका म्हणजे जमा होतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला किंवा शिल्लक बघायला. ‘पे’ आणि ‘रिसीव्ह’ हे दोन शब्द माझ्या गिऱ्हाइकांना झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत. आणि फसलाच तर रडत बसायच्या आधी १९३० हा नंबर फिरवायचा. जितका लवकर फोन, तितके पैसे मध्येच अडकून राहण्याची शक्यता जास्त.

‘पेंडिंग’ म्हणजे लटकलंय, परत पाठवू नका. ‘फेल्ड’ म्हणजे झालं नाही. ‘रिव्हर्स्ड’ म्हणजे गेलेले परत आले. यांच्यावर अधिक वेळ घालवायची गरज नाही.

आता फसवे शब्द. माझ्या एका चहावाल्याची मुलगी दहावीला आहे. तिच्या प्रगतिपुस्तकावर बाईंनी ‘आउटस्टँडिंग’ लिहिलं होतं. त्यानं ते गाड्याला चिकटवलं, आल्या-गेल्याला दाखवलं. महिन्याभरानं त्याच्या कर्जाचा कागद आला, त्यावरही तोच शब्द. तो खूश. मला म्हणतो, “बँकेनंबी वळखलं आपल्याला.” मला हसू आवरेना, पण सांगावं लागलं. शाळेत आउटस्टँडिंग म्हणजे उत्तम, बँकेत आउटस्टँडिंग म्हणजे फेडायची राहिलेली बाकी. त्याच्या शेजारी ‘ओव्हरड्यू’ असेल तर ती तारीख उलटून गेलेली बाकी. नुसत्या आउटस्टँडिंगला घाबरायचं कारण नाही, कर्ज आहे तोवर ते असणारच. ओव्हरड्यू दिसलं की त्याच दिवशी शाखेत जायचं.

असे शाळेतून बँकेत गेलेले शब्द बरेच आहेत. प्रिन्सिपल म्हणजे कॉलेजचे मुख्य, तेच बँकेत मुद्दल. इंटरेस्ट म्हणजे आवड, बँकेत व्याज. सिक्युरिटी म्हणजे गेटवरचा वॉचमन, कर्जाच्या कागदात ती म्हणजे तारण. सरेंडर म्हणजे शरण जाणं, विम्यात मुदतीआधी पॉलिसी मोडणं, आणि त्यात बहुधा भरलेल्यापेक्षा कमी हातात येतं. प्रीमॅच्युअर हा शब्द बायकांना दवाखान्यातून माहीत असतो, दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ. ठेवीचंही तसंच. दिवस भरले की मॅच्युरिटी, आधी मोडली की प्रीमॅच्युअर, आणि मग व्याजाचं वजन कमी भरतं. हा शब्द मावश्यांना एकदा सांगितला की कधी विसरत नाहीत.

रिटर्न आणि रिफंड या जोडीनंही लोकांना छळलंय. इन्कम टॅक्सचं रिटर्न म्हणजे आपण भरायचा हिशेब, त्यात परत काही मिळेलच असं नाही. जादा कापलेला कर परत येतो तो रिफंड. म्युच्युअल फंडवाला रिटर्न म्हणतो ते तिसरंच, गुंतवणुकीवरची वाढ. शब्द एकच, दुकान बदललं की त्याचा अर्थ बदलतो.

क्रेडिट कार्डातलं क्रेडिट मात्र ‘कमावले’ नव्हे, उधारी. त्याच्या बिलावर ‘मिनिमम ड्यू’ आणि ‘टोटल ड्यू’ अशा दोन रकमा असतात. मिनिमम भरून भागलं असं समजणारे तरुण माझ्या पट्ट्यात वाढायला लागलेत. राहिलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं. आपल्याकडचा सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो तेच हे, फक्त कार्ड चकचकीत आहे.

या शेकड्यावरून एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या बोलण्यात व्याज महिन्याचं असतं. “दोन टक्क्यानं घेतलं” म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला चोवीस. बँकेच्या कागदावर दर वर्षाचा असतो. दराशेजारी ‘पी.ए.’ अशी दोन अक्षरं दिसली तर पर ॲनम, वर्षाला. ‘पी.एम.’ असेल तर महिन्याला. दुपारचे पी.एम. नव्हेत. ही अक्षरं मुंगीएवढी छापलेली असतात, पण चोवीस आणि दोनमधला सगळा फरक त्या मुंगीत असतो.

आता एक प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण नुसत्या व्याख्येनं ते कळत नाही.

शाळेचे गणवेश शिवणारा एक दादा आहे. सोलापुरात गणवेशाचा धंदा मोठा, एप्रिल-मेमध्ये त्याला जेवायला वेळ नसतो. मोटारीच्या दोन मशिनींसाठी त्यानं एका फायनान्स कंपनीकडून एक लाख घ्यायचं ठरवलं. एजंट म्हणाला, बारा टक्के फ्लॅट, बारा हप्ते. दादा मला म्हणतो, “अक्का, माझ्याकडं फ्लॅट कुठाय? पत्र्याचं घर हाय.” त्याला वाटलं, फ्लॅटवर कर्ज देतायत.

आम्ही त्याच्याच कापड कापायच्या टेबलावर खडूनं हिशेब मांडला. फ्लॅट म्हणजे सपाट. व्याज पहिल्या दिवशीच्या पूर्ण लाखावर धरायचं आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचं. लाखावर वर्षाचे बारा हजार, म्हणजे एकूण १,१२,००० भागिले बारा. हप्ता ९,३३३ रुपये. दुसरा प्रकार रिड्यूसिंग बॅलन्स, घटती बाकी. त्यात प्रत्येक महिन्याला जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच व्याज. त्याच बारा टक्क्यांनी तिथं हप्ता ८,८८५ बसतो आणि वर्षाचं व्याज साधारण ६,६१९. दर सारखाच, शब्द बदलला आणि पाच हजारांच्या वर फरक पडला. उलट बाजूनं बघितलं तर फ्लॅट बारा म्हणजे घटत्या बाकीचे जवळजवळ साडेएकवीस टक्के.

दादा बराच वेळ खडूकडं बघत राहिला. म्हणाला, “म्हणजे अकराव्या महिन्यात आठ-नऊ हजारच देणं उरलं तरी मी पुऱ्या लाखाचं व्याज भरतोय म्हणा की.” त्या महिन्यात उरलेलं मुद्दल त्यानं नंतर नीट मोजलं, ते सोळा-सतरा हजार निघालं. तरी मुद्दा त्याचाच खरा होता.

यावर औषध आहे आणि ते फुकट आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं किरकोळ कर्जं देणाऱ्या बँका आणि फायनान्स कंपन्यांना ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणं बंधनकारक केलंय. म्हणजे कर्जाची कुंडली, कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. मराठीत मागा, लाजू नका. त्यात ‘ए.पी.आर.’ नावाचा आकडा शोधायचा. व्याज, प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते त्यात असतं. दोन ठिकाणचे ए.पी.आर. शेजारी ठेवले की एजंटाच्या गोड बोलण्याची गरज राहत नाही. जाहिरातीतल्या ‘स्टार्टिंग फ्रॉम’ आणि ‘अपटू’ या शब्दांचंही एकदा सांगून टाकते. दर ‘स्टार्टिंग फ्रॉम’ असेल तर तो सगळ्यात कमी दर, तुम्हाला मिळेलच असं नाही. सूट ‘अपटू’ असेल तर ती सगळ्यात जास्त सूट, तीही तुम्हाला मिळेलच असं नाही. फ्रॉम आणि अपटूच्या मध्ये आपण उभे असतो.

कर्ज लवकर फेडायचं असेल तर ‘फोरक्लोजर’ हा शब्द येतो. टीव्हीवर परदेशातल्या बातम्या बघून लोक समजतात घरावर जप्ती आली. आपल्याकडं बँकेच्या मेसेजात तो बहुधा मुदतीआधी पूर्ण फेड याच अर्थानं येतो. फेडल्यावर ‘नो ड्यूज’चा दाखला हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आता माझी स्वतःची फजिती. सगळ्यांना शिकवणारी मी, एका शब्दावर आपटले.

शेजारच्या घरातल्या वहिनींनी एका पतसंस्थेतून कर्ज काढलं. मी आणि आणखी एक बाई जामीन. कागदावर ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असं होतं. जॉइंटली म्हणजे मिळून, हे मला कळलं. सेव्हरली मी ‘सेव्हरल’वरून लावलं. सेव्हरल म्हणजे पुष्कळ, म्हणजे पुष्कळ जणांनी मिळून. मनात हिशेब केला, बुडालंच तर तिघींत वाटलं जाईल. सही केली, चहा प्यायले, घरी आले.

दीड वर्षानं, सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा तोंडावर असताना, नोटीस माझ्या दारात. वहिनींचे हप्ते थांबले होते, दुसरी जामीनदार पुण्याला लेकाकडं. उरलेली रक्कम सगळी माझ्या नावानं, ३८ हजार. मी तणतणत तिथं गेले, म्हटलं माझा तिसरा हिस्सा घ्या. काउंटरवरच्या मुलानं शांतपणे त्या शब्दाखाली पेनानं रेघ मारली. सेव्हरली म्हणजे एकेकट्यानं, सुटंसुटं. तिघींपैकी कुणाही एकीकडून पूर्ण रक्कम मागता येते. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ कलमही तेच सांगतं, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. हे मला नंतर एका वकिलांनी सांगितलं. पैसे मी अकरा महिन्यांत भरले. वहिनी अजून शेजारीच राहतात, संक्रांतीला तिळगूळ देतात, मी घेतेही. पण कुणी ‘गॅरंटर’ व्हायला बोलावलं की मी एकच प्रश्न विचारते, ही रक्कम माझ्या एकटीच्या खिशातून गेली तर चालेल का? ‘को-ॲप्लिकंट’ झालात तर तुम्ही जामीनही नाही, सरळ कर्जदारच.

खात्याचा फॉर्म भरतानाची एक चौकट लोक घाईत सोडून देतात, ‘मोड ऑफ ऑपरेशन’. जोडखात्यात ‘जॉइंटली’वर खूण केली तर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या लागतात. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कुणीही, आणि एक गेला तर मागं राहील तो. मागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, असलेले एक काका अचानक वारले. खातं ‘जॉइंटली’ होतं. काकूंनी दिवसकार्याला माझ्याकडून उसने घेतले, स्वतःचे पैसे खात्यात असताना. पुढं कागदपत्रं होऊन ते मिळाले, पण ते दहा दिवस मी विसरत नाही. नॉमिनी मात्र भरलेलाच ठेवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक ज्याच्या हातात रक्कम देते तो नॉमिनी, वाटणी वारसांची.

कधी शिल्लक चौदा हजार दिसते आणि एटीएममधून दोनच निघतात. तिथं ‘लिअन’ शोधा. म्हणजे बँकेनं तेवढ्या रकमेवर बोट ठेवलंय. ठेवीवर कर्ज घेतलं असेल, किंवा हल्ली अनोळखी माणसानं पाठवलेल्या पैशावर पोलिसांत तक्रार झाली असेल. काढता येते ती रक्कम ‘अव्हेलेबल बॅलन्स’, खरी ती. आणि दोन वर्षं खात्यात तुमच्याकडून काहीच व्यवहार झाला नाही तर ते ‘इनऑपरेटिव्ह’ होतं. पैसे बुडत नाहीत, केवायसीचे कागद देऊन खातं जागं करता येतं.

दुकानाच्या पाटीवरचं इंग्रजीही वाचावं. ‘बँक’ आणि ‘क्रेडिट सोसायटी’, म्हणजे पतसंस्था, एक नव्हे. बँकेतल्या ठेवीला, ती सहकारी बँक असली तरी, व्याजासकट पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत ते एकच लाख होतं. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. मी स्वतः लोकांकडून ठेवी गोळा करते, तरी हे सांगते. न सांगता पुन्हा त्या दारात उभं राहायला जड जातं.

चेक लिहिताना एक बारीक गोष्ट. चाळीसचं स्पेलिंग ‘फोर’वरून जमवू नका, त्यात यू नाही. रकमेच्या शेवटी ‘ओन्ली’ लिहून रेघ ओढायची, म्हणजे पुढं कुणाला हजार जोडता येत नाही. चेक तारखेपासून तीन महिने चालतो.

बोलायचं काय, असं विचारतात लोक. माझं मत स्पष्ट आहे, इंग्रजी वाचायला शिका, काउंटरवर मराठीच बोला. बदलून आलेला साहेब आंध्रचा निघाला तर आमच्या पूर्व भागातल्या बायका तेलुगूत सुरू होतात आणि रांगेतल्या सगळ्यांच्या आधी काम करून बाहेर येतात. तिन्ही भाषा चालल्या नाहीत तर एकच इंग्रजी वाक्य पाठ ठेवा, “प्लीज गिव्ह इट इन रायटिंग.” लिहून द्या म्हटल्यावर तोंडी सांगितलेल्या निम्म्या गोष्टी आपोआप गळतात.

सराव कसा करायचा? पुस्तक नको. स्वतःचं पासबुक घ्या, शेवटच्या पानावरच्या दहा नोंदी घ्या, प्रत्येकीपुढं पेन्सिलनं मराठीत लिहा, कुणाला दिले, कुणाकडून आले. जी नोंद ओळखता आली नाही तिथं गोल करा आणि तो गोल घेऊन शाखेत जा. दर महिन्याला एकदा. चार महिन्यांत शब्द पाठ होतात, कारण पैसे आपले असतात.

दत्त नगरातल्या एका मावशींना मी असंच शिकवलं. हजार बिड्या वळल्याशिवाय उठत नाहीत, सुपातून मान वर करत नाहीत. मेच्या शेवटच्या आठवड्यात गेले तर सूप बाजूला ठेवून मोबाइल दाखवला. या वेळी विचारायला नव्हे.

“अक्का, ‘विल बी’ आलंय. अपघात विम्याचे वीस रुपये. आज पिग्मी तीसच घ्या, वीस खात्यात टाकून येते.”

मी तीसची पावती फाडली.